कूलर बंद पडला आणि डायोड खरं बोलला : मे महिन्यातलं करंट सोर्सचं एक प्रकरण

हे प्रकरण आमच्या लॅबमधलं, नागपूरच्या ऐन मे महिन्यातलं. सविस्तर लिहून ठेवतोय कारण त्या एका आठवड्यात दोन चुका झाल्या. पहिली लगेच दिसली आणि तिच्यावर सगळ्यांनी खूप बोलून घेतलं. दुसरी दिसतच नव्हती, आकडा छान स्थिर होता, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, आणि मला आजही काळजी वाटते ती त्या दुसरीचीच.

आधी सेटअप सांगतो. आमच्याकडे हेलियम नाही, सगळं काम लिक्विड नायट्रोजनवर चालतं. कृत्रिम रेतनवाले वापरतात तसा ३५ लिटरचा कंटेनर आहे, त्यात स्टीलच्या नळीची डिपस्टिक वरून हळूहळू खाली सोडायची. नळीच्या टोकाला तांब्याचा ठोकळा, ठोकळ्यावर वायबीसीओची गोळी, म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साईड, जो ९२ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होतो. गोळीला सिल्व्हर पेस्टने चार तारा लावलेल्या, आणि तिच्या शेजारीच ठोकळ्याच्या भोकात तापमान मोजायला सिलिकॉन डायोड आणि एक साधी पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमच्या रेझिस्टन्सवरून तापमान सांगणारा सेन्सर. गोळी कुठल्या तापमानाला रेझिस्टन्स सोडते हे पाहायचं, एवढंच काम. पण त्यातलं "कुठल्या तापमानाला" हे उत्तर सगळं डायोडच्या भरवशावर.

डायोडचं गणित साधं आहे. त्यातून बरोबर १० मायक्रोअँप करंट सोडायचा आणि त्याच्यावर किती व्होल्ट येतात ते मोजायचं. रूम टेंपरेचरला ०.५६ व्होल्टच्या जवळपास, ७७ केल्विनला १.०२८, आणि ४.२ केल्विनला दीडच्या थोडं वर. कंपनी जो स्टँडर्ड कर्व्ह देते, म्हणजे किती व्होल्टला किती तापमान याचं टेबल, तो फक्त आणि फक्त १० मायक्रोअँपसाठी असतो, करंट दुसरा असला तर त्या टेबलला काही अर्थ उरत नाही. ७७ केल्विनला एका केल्विनमागे फक्त १.७३ मिलिव्होल्ट फरक पडतो हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

करंट देणारा सोर्स नवा होता, १०० नॅनोअँपपासून १०० मिलिअँपपर्यंतच्या रेंजेस, कंप्लायन्स ११ व्होल्ट. कंप्लायन्स म्हणजे सोर्स ठरलेला करंट ढकलण्यासाठी जास्तीत जास्त किती व्होल्टपर्यंत जाईल ती मर्यादा. करंट सोर्सचा स्वभाव पॉवर सप्लायच्या उलटा असतो हे मुलांच्या चटकन लक्षात येत नाही. पॉवर सप्लायचं तोंड उघडं असेल तर करंट शून्य, सगळं शांत. करंट सोर्सचं तोंड उघडं असेल आणि आउटपुट चालू असेल तर तो बिचारा करंट जात नाही म्हणून व्होल्टेज वाढवत वाढवत थेट कंप्लायन्सला जाऊन बसतो, आणि तुम्ही त्या क्षणी सेन्सर जोडला की केबलमध्ये साठलेलं सगळं आधी सेन्सरमधून जातं. म्हणून चालू आउटपुटवर सेन्सर जोडायचा नाही आणि काढायचाही नाही. भिंतीवर हे लिहिलेलं होतं. तरी पहिली चूक झालीच.

झालं असं की आदल्या दिवशी दुसऱ्या ग्रुपने तोच सोर्स गोळीतून १० मिलिअँप पाठवायला वापरला होता. आमचा सोर्स बंद करून चालू केला तरी मागचं सेटिंग लक्षात ठेवतो. सकाळी पीएचडीची विद्यार्थिनी आली, सोर्स चालू केला, डिस्प्लेवर १०.०० दिसलं. आकडा तोच, पुढचं अक्षर तेवढं वेगळं, मायक्रोचा म्यू नसून मिलीचा एम, आणि डिस्प्लेवर ते अक्षर आकड्याच्या पाव उंचीचं आहे. तिने आउटपुट ऑन केलं आणि मग डायोडचा कनेक्टर लावला. हजारपट करंट. या डायोडला सलग १ मिलिअँपपेक्षा जास्त द्यायचा नाही असं डेटाशीट स्पष्ट सांगतं, आम्ही दहा दिले.

तिचं कौतुक हे की तिला दोन मिनिटांत कळलं. डिपस्टिक अजून टेबलावरच होती, मीटरवर ०.५६ च्या जागी पाऊण व्होल्टच्या आसपास दिसत होतं आणि सॉफ्टवेअर त्याचं भाषांतर सव्वादोनशे केल्विनच्या खाली करत होतं, म्हणजे उणे पन्नास अंशाच्याही खाली. बाहेर नागपूर भाजून निघतंय, लॅबमध्ये ३५ आणि सेन्सर म्हणतो उणे पन्नास. ती म्हणाली, "सर, डायोड उलटं बोलून राहिला." उलटं बोलण्याचं कारण सरळ आहे. डायोडमधून करंट वाढला की व्होल्टेज वाढतं, आणि डायोडच्या कर्व्हवर जास्त व्होल्टेज म्हणजे जास्त थंड. आउटपुट बंद केलं, डायोड काढला, पाकिटात घातला.

तो डायोड जळाला होता का? नाही. नंतर १० मायक्रोअँपवर नायट्रोजनमध्ये बुडवला तर दुसऱ्या डायोडशी ०.१ केल्विनच्या आत जुळला. तरी मी तो मोजमापातून काढला. आमच्याकडे खात्रीचे दोनच बिंदू आहेत, नायट्रोजनचा उत्कलनबिंदू आणि बर्फाचं पाणी. मधल्या दोनशे अंशांत त्याचा कर्व्ह हलला की नाही हे तपासायची सोय आमच्याकडे नाही, मग त्याच्या नावावर पेपरात आकडा कसा छापायचा.

यानंतर सोर्स जोडायचा जो क्रम ठरला तो सांगतो. आउटपुट बंद आहे याची आधी खात्री. मग रेंज, मग करंट, आणि दोन्ही मोठ्याने वाचायचे, "दहा मायक्रो" असं शेजारच्याला ऐकू जाईल असं. ज्या सोर्सला कंप्लायन्स कमी करता येतं तिथे डायोडसाठी २ व्होल्ट पुरतात, कारण अगदी दीड केल्विनपर्यंत गेलात तरी डायोड १.६५ च्या वर जात नाही. मग सेन्सरच्या जागी डमी, म्हणजे १०० किलोओहमचा ०.१ टक्केवाला रेझिस्टर, तसाच कनेक्टर लावून डबीत बसवलेला. १० मायक्रोअँप गुणिले १०० किलोओहम म्हणजे बरोबर १ व्होल्ट, थंड डायोड देतो जवळपास तेवढंच, त्यामुळे सोर्स, केबल, मीटर, सॉफ्टवेअर सगळी साखळी एका फटक्यात तपासून होते. त्या सकाळी डमी लावली असती तर १० मिलिअँपला हजार व्होल्ट लागले असते, सोर्स जागच्या जागी कंप्लायन्सचा लाल दिवा लावून थांबला असता आणि डायोड वाचला असता. १.००० व्होल्ट दिसलं की आउटपुट बंद, डमी काढायची, सेन्सर लावायचा, मग आउटपुट चालू. बंद करताना आधी आउटपुट, मग केबल. डमी काढून सेन्सर लावायला अर्धा मिनिट लागतो.

याच ओघात सांगतो, डायोड ठीक आहे का पाहायला हातातला मल्टिमीटर डायोड मोडवर लावायची सवय आपल्या सगळ्यांना असते, मलाही होती. बऱ्याच मल्टिमीटरचा तो मोड १ मिलिअँपच्या आसपास करंट सोडतो, म्हणजे या सेन्सरच्या अगदी कडेला. नको. आणि डायोड उलटा जोडला गेला तर करंट जाणारच नाही, मीटरवर कंप्लायन्सचं व्होल्टेज दिसेल. ११ व्होल्टच्या सोर्सवर त्याने काही बिघडत नाही, कारण डायोड उलट्या दिशेने ४० व्होल्टपर्यंत सहन करतो. पण १०५ व्होल्ट कंप्लायन्सचे सोर्सही बऱ्याच लॅबमध्ये असतात, तिथे हीच चूक महागात जाईल.

आता दुसरी चूक.

स्पेअर डायोड बसवला, डमीवर १.००० आलं, डिपस्टिक खाली सोडली, डायोड नायट्रोजनमध्ये बुडाला. मीटरवर १.०२५९ व्होल्ट. टेबलात पाहिलं तर ७८.२ केल्विन. आकडा इतका स्थिर की शेवटचा अंक दहा-दहा मिनिटं हलत नव्हता. तिने वहीत लिहिलं आणि पुढचं मोजायला सुरुवात केली. गोळीचं ट्रान्झिशन, म्हणजे रेझिस्टन्स सोडणं, ९३.४ ला सुरू होताना दिसलं. ९२ ऐवजी ९३.४. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला आणि खरं सांगतो, माझ्याही मनात आलं की या वेळची गोळी चांगली भाजली गेली असेल, ऑक्सिजन नीट बसला असेल.

पण ७८.२ मनात टोचत होतं. लिक्विड नायट्रोजन ७७.३६ केल्विनला उकळतो हे पाठ असतं, ते समुद्रसपाटीच्या दाबाला. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे, इथे दाब कमी, म्हणजे उत्कलनबिंदूही खाली. किती खाली, यासाठी तिने मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपमधून दाब घेतला, १००३ हेक्टोपास्कल. मी म्हटलं हा चालणार नाही. हवामानाच्या नकाशासाठी दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात, गावोगावच्या आकड्यांची तुलना व्हावी म्हणून. आपल्याला कंटेनरच्या तोंडावरचा खरा दाब हवा. फिजिक्सच्या प्रत्येक जुन्या डिपार्टमेंटमध्ये कोपऱ्यात एक फोर्टिन बॅरोमीटर टांगलेला असतो, कुणी बघत नाही, आमचाही तसाच. लॅब सांभाळणाऱ्या काकांनी त्याची काच पुसली, खालचा स्क्रू फिरवून पारा हस्तिदंती टोकाला टेकवला, व्हर्निअर वाचला आणि उन्हाळ्यात पारा फुगतो त्याची करेक्शन वजा जाऊन ७२.८ सेंटिमीटर आलं, म्हणजे साधारण ९७० हेक्टोपास्कल. नायट्रोजनसाठी या भागात एका केल्विनमागे दाब साधारण ११ किलोपास्कल बदलतो, इथे समुद्रसपाटीपेक्षा सव्वाचार किलोपास्कल कमी, म्हणजे ०.३८ केल्विन खाली. आमच्या लॅबमधला नायट्रोजन त्या दिवशी ७७.० ला उकळत होता.

मग डायोड १.२ केल्विन जास्त सांगत होता. आमचा डायोड अचूकतेच्या सगळ्यात काटेकोर वर्गातला, ७७ च्या भागात पाव केल्विनच्या आत असायला हवा. १.२ ही सहन करण्यासारखी चूक नाही.

मग पीटी-१०० पाहिली. तिचा करंट वेगळ्या डब्यातून येतो, काही वर्षांपूर्वी आम्हीच बनवलेला, एलएम-३३४ नावाच्या तीन पायांच्या आयसीवर. ही आयसी चांगली आहे, स्वस्त आहे, पण तिचा करंट तिच्या स्वतःच्या तापमानाबरोबर चढतो, दर अंशाला ०.३३ टक्के. सकाळी लॅब २८ ला आणि दुपारी ४० ला गेली तर करंट ४ टक्के वाढला, नागपुरात ही रोजची गोष्ट. म्हणून त्या करंटच्या वाटेत १०० ओहमचा एक स्टँडर्ड रेझिस्टर सीरिजमध्ये घातलाय. दोघांवरचं व्होल्टेज मोजायचं आणि भागाकार करायचा, करंट कितीही हलला तरी भागाकारातून तो निघून जातो. तसं केलं तर २०.२ ओहम, कर्व्हप्रमाणे ७७.१ केल्विन. पण ही बाजारातली साधी क्लास बी ची पीटी-१००, उणे २०० अंशाला तिची सहनमर्यादाच ±१.३ अंश. म्हणून आम्ही तिला आधी महत्त्व दिलं नव्हतं. महागडा डायोड खरा आणि स्वस्त पीटी-१०० खोटी असं डोक्यात बसलेलं असतं. या वेळी तिच्या बाजूने बॅरोमीटर उभा होता.

दोन दिवस शोधण्यात गेले. पहिला संशय तारांतून येणाऱ्या उष्णतेवर. वरून गरम तारा येतात, सेन्सरला उष्णता आणून देतात, म्हणून तर फॉस्फर ब्राँझच्या बारीक तारा वापरायच्या आणि सेन्सरच्या आधी ठोकळ्याभोवती गुंडाळून चिकटवायच्या. पण डिपस्टिक आणखी सात सेंटिमीटर खाली केली तरी आकडा तसूभर हलला नाही. तारांमुळे असतं तर हलला असता. दुसरा संशय नायट्रोजनवर. उघड्या भांड्यात पडून राहिलेला नायट्रोजन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हळूहळू जास्त तापमानाला उकळायला लागतो, पण आमचा ताजा होता, सकाळीच हिंगण्याहून आलेला. तिसरा संशय कनेक्टरवर. कूलरची दमट हवा, डिपस्टिक बाहेर काढली की कनेक्टरवर दव जमतं, आणि दोन पिनांमध्ये पाण्याची पातळ फिल्म बसली की ती स्वतःच एक रेझिस्टर होते. ती १०० किलोओहमची झाली तर १ व्होल्टला तिच्यातून १० मायक्रोअँप जाईल, म्हणजे सगळाच करंट बाहेरच्या बाहेर. हे खरंच होतं, आमच्याकडे होऊनही गेलंय, पण तेव्हा आकडा वाहत जातो, कनेक्टर सुकला की परत येतो. इथे आकडा दगडासारखा होता. तरी कनेक्टर सुकवला, स्पिरिटने पुसला. ७८.२. चौथा संशय करंटवर. डमी परत लावली. १.००० व्होल्ट. सोर्स बरोबर, मीटर बरोबर, डायोड नवा, नायट्रोजन ताजा, आणि उत्तर चुकीचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला लाईट गेली. सोर्स आणि मीटर यूपीएसवर होते, ते चालू राहिले. पंखे थांबले, खिडकीतला मोठा कूलर घरघर करत थांबला, खोलीत एकदम शांतता झाली. ती मीटरसमोरच बसली होती. "सर, या ना इकडे, आकडा चढून राहिला." १.०२५९ चा १.०२७९ झाला होता. ७७.० केल्विन, जवळपास बॅरोमीटरने सांगितलं तेच. आम्ही दोघं काही न बोलता मीटरकडे पाहत होतो, अंगातून घाम निथळत होता, आणि पंचवीस मिनिटांनी लाईट आली, कूलर फिरायला लागला, आकडा परत १.०२५९ वर येऊन बसला.

काकांना म्हटलं नुसता कूलर बंद करा. ७७.०. चालू करा. ७८.२. रेग्युलेटर पूर्ण फुल करा. ७७.३. मध्यावर आणा. ७८.२. गुन्हेगार कूलरसुद्धा नव्हता, त्याचा रेग्युलेटर होता. जुन्या गुंडाळीच्या रेग्युलेटरऐवजी हल्ली जो इलेक्ट्रॉनिक असतो त्यात ट्रायॅक असतो, तो एसीची प्रत्येक लाट मधूनच कापतो, सेकंदाला शंभर वेळा, आणि त्या कापाच्या कडेला तीक्ष्ण झटके तयार होतात. तो रेग्युलेटरचा बोर्ड आमच्या केबलपासून दीड हातावर.

आता एसीच्या झटक्यांनी डीसी आकडा कसा सरकतो, हेच या सगळ्या प्रकरणाचं हृदय आहे. रेझिस्टरवर एसी पडला तर तो जितका वर जातो तितकाच खाली येतो, सरासरी शून्य, डीसी मीटरला काही कळत नाही. म्हणूनच डमी आम्हाला प्रत्येक वेळी १.००० दाखवत होती आणि आमची दिशाभूल झाली. डायोड असा सरळ नाही. व्होल्टेज थोडं वर गेलं की त्याचा करंट खूप वाढतो, तितकंच खाली आलं तर थोडाच कमी होतो. पण सोर्स तर सरासरी करंट १० मायक्रोअँपवरच धरून ठेवणार, मग डायोडला आपलं सरासरी व्होल्टेज खाली आणावं लागतं. व्होल्टेज खाली म्हणजे कर्व्हवर तापमान वर. त्यामुळे नॉइज, म्हणजे असे बाहेरचे झटके, घुसला की सिलिकॉन डायोड नेहमी गरमच सांगतो, कधी थंड सांगत नाही. आणि थंडीत हे जास्त बोचतं, कारण हा सरकाव नॉइजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि त्याला भागायचं असतं ते थर्मल व्होल्टेजने, म्हणजे डायोडच्या तापमानाच्या प्रमाणात कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजने, जे ३०० केल्विनला २६ मिलिव्होल्ट असतं आणि ७७ ला फक्त ६.६. उलट हिशोब करून पाहिला. १.२ केल्विन म्हणजे २.१ मिलिव्होल्ट, त्यासाठी डायोडवर पाच-सव्वापाच मिलिव्होल्ट एसी असायला हवा. मीटर एसी मोडवर टाकून डायोडच्या टोकांवर पाहिलं, ५.१. कूलर बंद, आणि एक मिलिव्होल्टच्याही खाली. हिशोब आणि मीटर जुळलेले पाहून जे वाटलं ते त्या तीन दिवसांच्या घामाचं मोल होतं.

दुसरी पडताळणी त्याहून सोपी, कुठल्याही लॅबला जमेल अशी. १० मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कपॅसिटर क्षणभर डायोडच्या दोन टोकांना लावायचा. एसीला जवळची वाट मिळते, डीसीवर काही परिणाम नाही. आकडा जिथल्या तिथे राहिला तर तुमच्याकडे नॉइज नाही. आमचा ७८.२ चा सरकत ७७.० झाला. हा कपॅसिटर कायमचा लावून ठेवा म्हणजे झालं, असं एकाने सुचवलं. मी नको म्हटलं, तो लावल्याने आकडा बरा दिसतो पण नॉइज घुसायची वाट तशीच राहते, उद्या कपॅसिटरच्या अलीकडे तारांमध्ये दुसरं काही घुसलं तर कळणारच नाही.

वाट शोधली तर ती आमचीच होती. करंटची जोडी आणि व्होल्टेजची जोडी, चार तारा, चारही सुट्या, टेबलावर हातभर पसरलेल्या. अशा सुट्या तारांचा वेढा म्हणजे अँटेनाच. तारांवर शील्ड, म्हणजे धातूचं आवरण, होतं, पण ते सोर्सकडेही अर्थिंगला जोडलेलं आणि डिपस्टिककडेही, मग दोन अर्थिंगमध्ये फिरणारा करंट शील्डमधूनच जायचा. शिवाय लॅपटॉप वेगळ्या बोर्डवरून, यूएसबीने मीटरला जोडलेला, तिसरी वाट. सुधारणा एका दुपारी झाली. करंटच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या, व्होल्टेजच्या दोन वेगळ्या पिळल्या, दोन्ही जोड्यांवर एकच शील्ड आणि ते फक्त सोर्सच्या टोकाला जोडलेलं, डिपस्टिककडे कापून हीटश्रिंकने झाकलेलं. सोर्स, मीटर आणि लॅपटॉप एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीवर. केबल भिंतीच्या बाजूने, मेन्सच्या वायरला ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. एवढं करून कूलर मध्यावर ठेवून पाहिलं तर ७७.१. मग काकांनी तो रेग्युलेटर काढून कूलर थेट केला. ७७.०.

कूलर कायमचा बंदच का नाही केला असं कुणी विचारेल. दोन कारणं. एक तर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोंडावर, चाळीस अंशात माणूस आणि मीटर दोन्ही थकतात. दुसरं महत्त्वाचं, तोच आमचा हवा खेळती ठेवणारा आहे. एक लिटर लिक्विड नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर वायू होतो. आमची खोली साधारण ६० घनमीटर. दारं-खिडक्या लावलेल्या असताना पाच लिटर सांडला तर साडेतीन घनमीटर नायट्रोजन, आणि खोलीतला ऑक्सिजन २०.९ वरून १९.७ टक्क्यांवर. धोक्याची रेघ १९.५ ला मानतात. या वायूला वास नाही, रंग नाही, माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, सरळ शुद्ध हरपते. मोजमापातला नॉइज घालवायला म्हणून कूलर बंद करून खिडकी लावून बसायचा विचार आमच्या मनात आला होता, सव्वा केल्विनसाठी तो फार वाईट सौदा झाला असता. आता ऑक्सिजनचा अलार्म टेबलाच्या उंचीवर टांगलेला आहे, कारण थंड नायट्रोजन खाली बसतो. चष्मा, चेहऱ्यावर शील्ड, आणि हातमोजे सैल, झटक्यात निघतील असे. कंटेनरचं झाकण घट्ट दाबायचं नाही आणि डिपस्टिकभोवती ओलं फडकं गुंडाळायचं नाही, बर्फ धरून तोंड बंद झालं तर दाब आत वाढत जातो.

एक मुद्दा आमच्या मुलांसाठी, जी पुढे इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमला किंवा मुंबईला टीआयएफआरला, अशा मोठ्या संशोधन संस्थांत, मोजमापासाठी जातात आणि पहिल्यांदा हेलियम बघतात. तिथे डायोडऐवजी बऱ्याचदा सरनॉक्ससारखा रेझिस्टर सेन्सर असतो, आणि त्याला डायोडचे १० मायक्रोअँप डोळे मिटून द्यायचे नाहीत. तो थंडीत रेझिस्टन्स वाढवतो, एका प्रचलित मॉडेलचा ४.२ केल्विनला साधारण ५ किलोओहम असतो. १० मायक्रोअँप दिले तर ५० मिलिव्होल्ट आणि अर्धा मायक्रोवॅट उष्णता. ऐकायला काहीच नाही, पण तिथल्या सेन्सरला स्वतःला गरम करायला पुष्कळ. सेन्सरवर १० मिलिव्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही असा दंडक आहे, म्हणजे तिथे २ मायक्रोअँप, आणि उष्णता पंचवीसपट कमी. खात्री करायची तर करंट तिप्पट करून पाहा, तापमान वर सरकलं तर सेन्सर स्वतःला तापवतोय. आणि रेझिस्टर सेन्सरला करंट उलटा-सुलटा करून दोन रीडिंगच्या वजाबाकीचा अर्धा घ्यायचा, म्हणजे तारांच्या सांध्यांवर तापमानाच्या फरकाने तयार झालेले काही मायक्रोव्होल्ट गळून जातात. आमच्या गोळीला आम्ही तेच करतो, १० मिलिअँपला ५ मिलिओहमचे ५० मायक्रोव्होल्ट येतात, त्यात चार-पाच मायक्रोव्होल्ट सांध्याचे म्हणजे दहा टक्के. डायोडला मात्र हे करता येत नाही, तो एका बाजूनेच चालतो, म्हणून त्याच्या बाबतीत तारा आणि शील्ड यांच्यावरच सगळी मदार.

गोळी परत मोजली. ट्रान्झिशनची सुरुवात ९२.२ ला. ती थोडी हिरमुसली, १.२ केल्विन हातचे गेले म्हणून, मग स्वतःच म्हणाली की आधीच्या दोन महिन्यांचे सगळे आकडे तपासायला हवेत, कूलर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागला होता. वही काढली. जानेवारी-फेब्रुवारीत नायट्रोजनमध्ये बुडवल्यावरचं रीडिंग ७७.० आणि ७६.९, आणि कूलर लागल्यापासूनचं प्रत्येक ७८ च्या वर. पुरावा आमच्याच अक्षरात समोर लिहिलेला होता, दोन महिने. एप्रिलपासूनची सगळी रीडिंग तिने लाल शाईने खोडली आणि पुन्हा घेतली, त्यात जून गेला.

आता वहीत प्रत्येक दिवसाच्या वर चार आकडे आधी येतात. डमीवरचं व्होल्टेज, बॅरोमीटर, डायोडवरचा एसी, आणि नायट्रोजनमधलं पहिलं रीडिंग. १० मिलिअँप खाल्लेला पहिला डायोड वेगळ्या डिपस्टिकवर बसवलाय, एमएस्सीची मुलं सोर्स जोडायला शिकतात ती त्याच्यावर. त्याच्या पाकिटावर तिनेच तारीख घालून लिहिलंय, "कॅलिब्रेशन रद्द, सरावासाठी".